जाळीवरची चिंधी

माझी बायको मोरीत पडली तेव्हा मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. दारापुढच्या ओटल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, पाठ घराकडे, तोंड गल्लीकडे. तिने हाका मारल्या. मला ऐकू आल्या नाहीत.

चाळीस वर्षं मी लूमच्या खात्यात काम केलं. खातं म्हणजे कारखाना. सुरतेत आमची खान्देशी माणसं त्याला खातंच म्हणतात. एका पत्र्याखाली पन्नास-साठ माग खडखडतात आणि त्यात बारा तास उभं राहायचं. पहिल्या वर्षी कान दुखतात, मग त्यात शिटी वाजायला लागते, मग तीही थांबते. पोराने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते कानात घातलं की कढई घासल्यासारखं वाजायचं. डबीत ठेवून दिलं. मी ओठ बघून बोलणं समजतो. समोर असलेल्या माणसाचं मला सगळं कळतं, पाठीमागच्याचं काहीच नाही.

चार वाजता चहा आला नाही म्हणून मी आत गेलो. चहासाठी गेलो. तिच्यासाठी गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ती ओल्या लादीवर एका कुशीवर पडली होती. कपड्याचा ब्रश हातातच होता. मी विचारलं, कधी पडलीस? तिचे ओठ हलले. "पाणी गयं तवय." लिंबायतच्या आमच्या गल्लीत नळाचं पाणी दोनला जातं. म्हणजे दोन तास.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं म्हणाले. मग छाती भरली. तेविसाव्या दिवशी ती गेली.

ती लादी मीच आणली होती, हेही लिहून टाकतो. शेठच्या बंगल्यावर एकदा निरोप घेऊन गेलो होतो, तिथली मोरी आरशासारखी चमकत होती. पोराला नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, आपली मोरीपण तशी करू. केली. ती पहिल्या दिवशी म्हणाली, पाय सरकतो. मी म्हटलं, माणसाने बघून चालावं.

तेरावं झाल्यावर पोरगा मला डिंडोलीला त्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. चौथा मजला, लिफ्ट आहे, हवा चांगली आहे. सून वाईट नाही. पण तिथे सगळ्यांची दारं बंद. मी बोललो की खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन विचारायचा, भांडण चाललंय का? मला माझा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सून बोटाने खुणावायची, हळू, हळू. मग मी बोलायचंच सोडलं. दिवसभर बाल्कनीच्या जाळीतून समोरची बाल्कनी बघायची. सव्वा महिना मी तिथे फ्रिजसारखा होतो. कोपऱ्यात उभा. येता जाता लोक दार उघडून बघायचे, ठीक आहे ना.

एक दिवस पिशवी भरली आणि रिक्षा करून लिंबायतला आलो. संध्याकाळी पोरगा मागून आला. खूप बोलला. त्यातलं एकच वाक्य लिहितो.

"आप्पा, आई पडली तेव्हा घरात तुम्ही तरी होता. तुम्ही पडाल तेव्हा कोण आहे?"

"मी पडणार नाही."

"आईलापण तसंच वाटलं असेल."

तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "एक महिना घ्या. घर असं करा की पाय सरकणार नाही. आणि सरकलाच तर कुणाला तरी लगेच कळलं पाहिजे. दोन्ही जमलं तर राहा इथे. नाही जमलं तर खोलीला कुलूप लावू आणि तुम्ही माझ्याकडे. मग पिशवी भरायची नाही."

मी म्हटलं, ठीक. दोन गोष्टी होत्या. पहिली मला सोपी वाटली.

दुसऱ्या दिवशी कडिया आला. गवंड्याला इकडे कडिया म्हणतात. हा गुजराती होता, हसरा. त्याने आधी मोरीची चकचकीत लादी फोडली. मी समोर उभा राहून बघितलं. आवाज ऐकू येत नव्हता, पायाला हादरे लागत होते. मग खरबरीत लादी बसवली. तिला टाकी लावलेल्या पाट्यासारखी पकड आहे. मग त्याने पिशवीतून स्टीलचा दांडा काढून दाखवला. "काका, जुओ, एकदम फॅन्सी." चार स्क्रू मारून त्याने तो भिंतीला लावला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी दोन्ही हातांनी धरून पाय उचलले. दांडा भिंतीच्या पोपड्यासकट माझ्या हातात आला.

"हा टॉवेलसाठी आहे," मी म्हटलं. "मी टॉवेल आहे का?"

तो पोट धरून हसला.

मी भंगारवाल्याकडे गेलो. जुने माग आता रोज भंगारात निघतात. तिथून मागाचा लोखंडी पाईप आणला. तसल्या पाईपवर आयुष्यभर हात ठेवला होता, त्याचा भरवसा होता. आता तो कुठे लावायचा? कडिया म्हणाला, कमरेच्या वर, चार बोटं इकडे तिकडे चालेल. मी म्हटलं, जागा ठरलेली आहे.

मोरीच्या दाराशी भिंतीवर एक काळपट तेलकट डाग होता, तळहाताएवढा. तिच्या हाताचा. दर दिवाळीला मी घराला रंग द्यायचो आणि महिन्याभरात डाग परत यायचा. मी दरवर्षी ओरडायचो, भिंतीला हात लावू नको. ती का लावते ते मी कधी विचारलं नाही. गुडघे गेले होते म्हणून लावायची. कुठे धरायला पाहिजे ते त्या भिंतीवर दहा वर्षं उमटलेलं होतं. वाचणारा मी होतो आणि मी त्यावर रंग मारत होतो.

पाईप त्या डागावर लावायला सांगितला. कडिया म्हणाला, "काका, तमारा माटे नीचु पडशे." मी म्हटलं, माझ्यासाठी खाली असला तरी तिथंच. त्याने भिंतीला आरपार भोक पाडून पलीकडून नट कसले. मी लटकून बघितलं. हलला नाही.

पहिल्याच आंघोळीला कळलं की तो बरोबर बोलत होता. ती माझ्या खांद्याला लागायची. तो पाईप धरायला मला इतकं वाकावं लागे की त्या वाकण्यानेच पडलो असतो. कडियाला परत बोलावलं, वर दुसरा पाईप लावला. खालचा काढू का, त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, भोकं बुजवायला सिमेंट कशाला वाया घालवतोस.

उंबरापण काढला. रोज सकाळी ती त्याला हळदी-कुंकू वाहायची. मला दोनदा ठेच लागली होती म्हणून काढला. ती असती तर कडियाला चहासुद्धा दिला नसता.

तिसऱ्या रविवारी पोरगा आणि सून बघायला आले. पोराने दोन्ही पाईपांना लटकून बघितलं. "दोन कशाला?"

"एक चुकला."

लादीवर पाणी ओतून त्याने पाय घासला, सरकला नाही. सुनेने संडासावर ठेवायची खुर्ची आणली होती, मध्ये भोक असलेली. "मामा, लाजायचं नाही हं," ती म्हणाली. मी म्हटलं, लाज नाही, सवय नाही. ठेव तिथे. तीपण ठेवली. त्याने मोबाईल गळ्यात अडकवायची दोरीपण आणली होती. मी विचारलं, फोन लागला तर समोरचा काय म्हणतो ते मला कसं कळणार? बकरीच्या गळ्यातली घंटा आहे ती. त्याने दोरी खुंटीला अडकवली.

मग म्हणाला, "आता दुसरी गोष्ट. मोरीत जा, दार लोटा आणि ओरडा."

"काय ओरडू?"

"पडल्यावर ओरडाल तसं."

मी आत गेलो आणि ओरडलो. "पडलो रे! अरे, पडलो! या रे कुणी!" खात्यातल्या माणसाचा आवाज असतो तो. तीनदा ओरडून बाहेर आलो. पोरगा ओटल्यावर हाताची घडी घालून उभा होता. आला कुणीच नव्हता.

शेजारच्या ओटल्यावर वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या ओटल्यात एक कमरेएवढी भिंत, आणि दोन्ही ओटल्यांना गल्लीच्या बाजूने लोखंडी जाळी. वहिनी म्हणजे शेजारची म्हातारी, बौद्ध घरातली. नवरा रेल्वेत होता, वारला त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी त्याला दादा म्हणायचो म्हणून या वहिनी. मुलगी वापीला दिली आहे. एकट्याच राहतात.

पोराने विचारलं, "काकू, आप्पा ओरडले ते ऐकू नाही आलं?"

"आलं ना."

"मग?"

"अरे बाबा, तुझा बाप रोजच ओरडतो! सकाळी दूधवाल्यावर, दुपारी कुत्र्यावर. एकटा असला तर स्वतःवर. त्याला वाटतं तो कानात सांगतोय."

सून तोंडाला पदर लावून हसली. मीपण हसलो. मग वहिनींनी मान खाली घातली आणि सुपाकडे बघून काहीतरी बोलल्या. ओठ दिसले नाहीत म्हणून मला कळलं नाही. पण पोराचा चेहरा बदललेला दिसला. सुनेचं हसू गेलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. कुणी सांगेना. "अरे, काय म्हणाल्या?"

तेव्हा वहिनींनीच सूप खाली ठेवलं, माझ्याकडे तोंड केलं आणि परत सांगितलं. सावकाश, ओठ नीट हलवून.

"भाऊ, त्या दिवशीपण मी ऐकलं होतं. 'अहो, अहो' करत होती. ती रोज पन्नासदा करायची. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून करतच राहायची. मला वाटलं, चहाला बोलावतेय. माझं नाव घेऊन एक हाक मारली असती तर मी भिंतीवरून उडी मारली असती. ती तुम्हालाच बोलवत राहिली."

मी आत गेलो आणि तांब्याभर पाणी प्यायलो. बाहेर आलो तेव्हा वहिनी ओटल्यावर नव्हत्या. तांदूळ तसेच होते, चिमण्या आल्या होत्या.

पोरगा निघताना म्हणाला, "आठवडा राहिला, आप्पा." त्याच्या मनाने कुलूप लागलेलंच होतं आणि मलाही तसंच वाटलं. गल्ली भरलेली आहे, भिंतीला भिंत आहे, आणि ओरडून उपयोग नाही. मी बहिरा आहे हे खरं. माझ्यामुळे गल्लीपण बहिरी झाली होती.

तीन दिवस मी वहिनींशी बोललो नाही. रागाने नाही. बोलायला लागलो असतो तर गल्लीने ऐकलं असतं.

चौथ्या दिवशी खालच्या पाईपचं टोक हाताला लागलं. कापलेल्या लोखंडाची धार राहिली होती. त्यावर चिंधी गुंडाळावी म्हणून मी तिचं चिंध्यांचं गाठोडं उघडलं, एक लाल पट्टी काढली आणि गुंडाळून गाठ मारली. गाठ मारली आणि हात थांबले. ती गाठ खात्यातली होती.

खात्यात एक माणूस आठ माग बघतो. त्याला लघवीला जायचं झालं तर समोरच्या गड्याला सांगणार कसं? ओरडून काही होत नाही, तिथे तोफ उडाली तरी कळायची नाही. म्हणून आपल्या बाजूच्या पहिल्या मागाला चिंधी बांधून जायचं. चिंधी दिसली की समोरचा तुमचे आठ आणि त्याचे आठ, सोळा बघतो. परत आलात की चिंधी सोडायची. आणि चिंधी फार वेळ राहिली तर समोरचा हातातलं काम टाकून शोधायला येतो. आमच्या खात्यात एक जण असाच संडासाजवळ छाती धरून बसलेला सापडला होता. चिंधीमुळे सापडला. पुढे पुष्कळ वर्षं जगला, मला बिडी मागायचा.

चाळीस वर्षं मी मागांना चिंधी बांधली. घरी बायको भिंतीला धरून मोरीत जायची. तिला कधी म्हटलं नाही की जाताना माझ्यासमोर एक चिंधी बांध. मला ऐकू येत नव्हतं. दिसत तर होतं.

लाल पट्टी पाईपवरून सोडली आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. वहिनी बाहेर आल्या.

"वहिनी, मी मोरीत गेलो की ही ओटल्याच्या जाळीला बांधीन. बाहेर आलो की सोडीन. फार वेळ राहिली तर या. दाराची कडी लावणार नाही, मोरीचीपण काढून टाकली आहे."

"फार वेळ म्हणजे किती? तुम्हाला किती लागतो ते मला काय माहीत!"

"कुकरच्या चार शिट्ट्या."

"तुम्हाला कुठे ऐकू येतात शिट्ट्या?"

"मी कशाला ऐकू? तुम्ही ऐका."

त्यांनी पट्टी हातात घेऊन ओढून बघितली, जशी बाजारात बघतात. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवसाचं..."

"राहू द्या ते."

"राहत नाही."

"माझंपण राहत नाही. तुम्ही चिंधी बघा."

दोन दिवस नीट चाललं. बांधली, सोडली. बांधली, सोडली. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, नवस आहे का? वहिनींनी सांगितलं, हो, म्हाताऱ्याच्या आंघोळीचा.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आलो, भाकरी खाल्ली, खाटेवर आडवा झालो आणि झोपलो. चिंधी सोडायची राहिली.

जागा झालो तो कुणीतरी गदागदा हलवत होतं म्हणून. डोळे उघडले तर घरात सात-आठ माणसं. समोरच्या घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. नाक्यावरचा रिक्षावाला मोरीतून बाहेर येत सांगत होता, "मोरीत नाहीयेत!" त्याला मी अजून दिसलो नव्हतो. वहिनी माझ्या उशाशी होत्या. मी डोळे उघडलेले बघून त्यांनी हातातली लाल चिंधी माझ्या खांद्यावर फाडकन मारली. "जित्ता आहे मेला!" मग खाटेच्या कडेवर बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. समोरच्या बाईने मला आणलेलं पाणी त्यांना पाजलं.

कुणीतरी पोराला फोन केला होता. तो कामावरून तसाच गाडी मारत आला, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी खाटेवर बसलो होतो. मला वाटलं, संपलं. गाठ सोडायचंसुद्धा ज्याच्या लक्षात राहत नाही त्याला एकटं कोण ठेवेल? माझी पिशवी खुंटीलाच होती. मी तिच्याकडे बघितलंपण.

त्याने माझ्याकडे न बघता वहिनींना विचारलं, "किती वेळात आलात?"

"पाचवी शिट्टी झाली आणि उठले. भात करपला माझा."

"आणि हे सगळे?"

"मी गल्लीत हाक दिली. मी रोज ओरडत नाही ना."

तो मोरीत गेला. खालच्या पाईपवर त्याने हात ठेवलेला मला दिसला, आईच्या उंचीवरचा तो. मग बाहेर येऊन बायकोला फोन लावला. ती दोघं आपसात गुजराती बोलतात. गुजराती ओठपण मला कळतात. तो म्हणाला, "ना, अहीं ज रहेशे." नाही, इथेच राहतील.

मला तो एवढंच म्हणाला, "आप्पा, सोडायला विसरू नका." मोबाईलची दोरी घेऊन गेला.

आता आठ महिने झाले. खुर्चीची जागा मी बदलली आहे. पूर्वी पाठ घराकडे असायची. आता आडवी ठेवतो, म्हणजे डावीकडे घर दिसतं मोरीच्या दारापर्यंत, आणि उजवीकडे वहिनींची जाळी. घरात बघण्यासारखं काही नाही. दार, दोन पाईप, बादली. तरी तशीच ठेवतो.

वहिनींच्या जाळीला हिरवी चिंधी असते. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सुरू केली. न विचारता. मला शिट्ट्या ऐकू येत नाहीत म्हणून मी घड्याळ बघतो. काल हिरवी चिंधी फार वेळ राहिली. मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या घरात गेलो आणि मोरीच्या दारावर हाताने थापा मारल्या. "वहिनी! ठीक आहात का?" आतून त्यांनी काही सांगितलं असणार. दार बंद, मला काय कळणार? मी परत थापा मारल्या, जोरात.

दाराच्या वरच्या फटीतून तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर आलं. गरम होतं, शिकेकाईचा वास होता.

मी माझ्या ओटल्यावर येऊन बसलो. थोड्या वेळाने त्यांनी चिंधी सोडली.